‘बॅक अप’ वापरायचं कसं? आधी पुढं कोण आहे ते बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी सत्तावीस वर्षं दिवाणजी आहे. माझं इंग्रजी कामापुरतं. बिलं, लॉरीच्या पावत्या, परगावच्या व्यापाऱ्यांचे मेल, एवढ्यात भागतं. पण दोन शब्दांच्या एका क्रियापदानं माझी अशी फजिती केली की त्याचा पिच्छा पुरवल्याशिवाय मला चैन पडेना. ते क्रियापद म्हणजे ‘बॅक अप’. ज्यांना माझ्यासारखं ऐनवेळी चारचौघांत इंग्रजी बोलावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी फजिती सांगतो. केरळातला एक खरेदीदार होता, हळदीचा अर्क काढणारा. अशा लोकांना हळकुंडाच्या रंगरूपाशी फारसं देणंघेणं नसतं, ते हळदीतलं कुरकुमिन हे द्रव्य किती टक्के ते विचारतात. व्हिडिओ कॉल लागला. मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, मालाचं कौतुक केलं. तो म्हणाला, कौतुक राहू द्या, आकडा काय? अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट माझ्या हातात होता. मला म्हणायचं होतं, ‘मालक सांगतायत ते खरं आहे, माझ्याकडं पुरावा आहे.’ मी खुर्ची पुढं ओढली आणि छाती काढून म्हणालो, “येस सर, आय विल बॅक अप टू यू.”

तो म्हणाला, “शुअर. बाय व्हेन?”

मला वाटलं माल कधी निघणार ते विचारतोय. म्हणालो, “टुमारो.” त्यानं थँक्यू म्हणून कॉल बंद केला.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवाणजी, कागद हातात असताना उद्याचा वायदा कशाला केलासा?”

घरी पुतण्यानं उलगडा केला. त्या माणसाच्या कानावर माझं वाक्य ‘आय विल गेट बॅक टू यू’ असं पडलं होतं, म्हणजे ‘नंतर कळवतो.’ दोन्हींत ‘बॅक’ आहे, दोन्हींत माझं ‘टू यू’ आहे. त्याची काय चूक? मी म्हणायला हवं होतं ते वाक्य एवढंच: “आय कॅन बॅक दॅट अप, सर.” आणि मग आकडा वाचायचा.

या एका वाक्यात सगळं व्याकरण आहे, पण व्याकरणाकडं नंतर येऊ. आधी अर्थ.

‘बॅक’ म्हणजे पाठ, हे शाळेतलं पोरही सांगेल. गंमत अशी की आधार द्यायची गोष्ट निघाली की मराठीलाही पाठच आठवते. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीराखा. त्यामुळं हा शब्द आपल्याला परका वाटायचं कारण नाही. मला स्वतःला तो समजला तो ‘पाठराखीण’ या शब्दावरून. लग्न झालं की नवरी सासरी निघते आणि तिच्या सोबत माहेरची एक बाई किंवा मुलगी जाते, ती पाठराखीण. नवरी पुढं, ही मागं. बोलायचं, वागायचं, नांदायचं ते नवरीनं. पण नव्या घरात ती गांगरली, तर हिनं पदर सावरायचा आणि कानात दोन शब्द सांगायचे. ‘बॅक अप’मध्ये नेमकं हेच चित्र आहे. कुणीतरी आधीच पुढं झालेलं असतं, बोललेलं असतं किंवा काहीतरी करत असतं, आणि तुम्ही त्याच्या मागून जोर लावता.

म्हणून हा शब्द तोंडात यायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: पुढं कोण आहे? पुढं कुणीच नसेल तर ‘बॅक अप’ चालणार नाही, दुसरा शब्द शोधा.

यार्डातलंच उदाहरण घ्या. शेतकरी म्हणतो, माझी बेचाळीस पोती उतरली. तोलाईदाराच्या चिठ्ठीवर एकेचाळीस. शेतकरी हुज्जत घालतोय, त्याचं कुणी ऐकत नाही. एवढ्यात हमालांचा मुकादम पुढं येऊन म्हणतो, “व्हय, बेचाळीसच हाईत. म्या मोजून उतरवल्यात.” इथं शेतकरी आधी बोलला, मुकादमानं मागून दुजोरा दिला. ‘द मुकादम बॅक्ड हिम अप.’

आता तीच गोष्ट जरा फिरवा. शेतकरी चहाला गेलाय आणि त्याच्या माघारी लोक म्हणतायत, हा कायम एखादं पोतं वाढवूनच सांगतो. मुकादम उसळतो, “गरीब माणसाला कशाला नावं ठेवताय?” इथं शेतकरी हजरच नाही, तो काही बोललेलाही नाही. मुकादम स्वतः त्याच्यासाठी उभा राहिला. याला ‘स्टूड अप फॉर हिम’. माणसावर हल्ला झालेला असतो आणि आपण मध्ये पडतो. स्वतःसाठीही हे वापरता येतं, ‘स्टँड अप फॉर युअरसेल्फ’, म्हणजे स्वतःची बाजू स्वतः मांड. ‘स्टिक अप फॉर’ हे त्याचंच घरगुती भावंड. शाळेतली पोरं, बहिणी-बहिणी, मित्रमंडळी यांच्या तोंडी शोभतं, बँकेच्या पत्रात नाही.

आणखी एकदा फिरवा. भांडण मिटलं, पण शेतकऱ्याचं नाव खराब झालं ते झालंच. महिनाभर त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. मुकादम मात्र रोज दुपारी त्याच्या शेजारी बसून भाकरी खातो. एक शब्द बोलत नाही. ‘द मुकादम स्टूड बाय हिम.’ इथं बोलणं नाही, पुरावा नाही, नुसता काळ जातोय आणि माणूस हललेला नाही. हा शब्द मला सगळ्यात आवडतो, पण त्याला एक वाईट खोड आहे. ‘स्टँड बाय’चा दुसरा अर्थ नुसतं बघत उभं राहणं असाही होतो. पुढं ‘हिम’ किंवा ‘हर’ असा माणूस आला की साथ, माणूस नसला की बहुतेक वेळा बघ्याची भूमिका किंवा तयारीत थांबणं. एक शब्द गाळला की सोबत्याचा बघ्या होतो.

‘प्रॉप अप’ वेगळं. त्याला आपल्याकडं चोख शब्द आहे, टेकू देणं. केळीचा घड जड झाला की झाड कलतं, मग बांबूचा टेकू लावतात. टेकू काढला की झाड आडवं. म्हणून ‘प्रॉप अप’मध्ये समोरचा स्वतःच्या बळावर उभा नाही असं गृहीत असतं. अडचणीतला कारखाना, बहुमत नसलेलं सरकार, यांच्याबद्दल पेपरवाले ‘टेकू’ लिहितात तेव्हा शब्दात थोडा टोमणा असतो, इंग्रजीतही तो असतोच. आपल्या मालकांबद्दल लिहिताना ‘आय प्रॉप्ड हिम अप’ लिहाल तर पगारवाढ विसरा.

नुसतं ‘बॅक’, म्हणजे ‘अप’ नसलेलं, हेही क्रियापद आहे. निवडणुकीत उमेदवाराला पाठिंबा, धंद्यात पैसा लावणं, हे ‘बॅक’. सोसायटीनं शेतकऱ्याच्या पॅक हाऊसला कर्ज दिलं, ‘द सोसायटी बॅक्ड हिम.’ तुम्ही निवड केलीत, वजन टाकलंत. ‘बॅक अप’ त्यापेक्षा जागेवरचं आहे, त्या क्षणाचं, त्या मुद्द्यापुरतं. बँक तुम्हाला पाच वर्षं ‘बॅक’ करील, पण सभेत तुमच्या शेजारी बसलेला माणूस तुम्हाला ‘बॅक अप’ करतो.

आता व्याकरण. यात तीनच ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे मी, तू, तो, ती यांची जागा. ‘बॅक अप मी’ चुकीचं, ‘बॅक मी अप’ बरोबर. पुतण्याला मी हे एम-एटीवरून शिकवलं. एम-एटीवर नवरा-बायको चाललेत आणि सोबत लहान पोरगं आहे. पोरगं कुठं बसतं? दोघांच्या मध्ये. मागं बसवलं तर पडेल. मी, यू, हिम, हर, अस, देम, इट, दॅट ही सगळी लहान पोरं. त्यांना ‘बॅक’ आणि ‘अप’च्या मध्येच बसवायचं. बॅक हर अप. बॅक देम अप. बॅक दॅट अप. पूर्ण नाव असेल तर मध्ये किंवा मागं, कुठंही चालतं: ‘बॅक अप द फार्मर’ किंवा ‘बॅक द फार्मर अप’. पण पाहुणा आडदांड असेल, म्हणजे ‘तासगावहून काल रात्री माल घेऊन आलेला शेतकरी’ एवढं लांबलचक काही असेल, तर त्याला मध्ये कोंबू नका. ‘बॅक’ म्हटल्यावर ‘अप’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला झोप लागेल. त्याला मागं बसवा.

दुसरं, माझं ते ‘टू’. मराठीत आपण ‘त्याला’ पाठिंबा देतो, त्या ‘ला’चं भाषांतर आपला मेंदू आपोआप ‘टू’ असं करतो. इथं ‘टू’ नकोच. मुद्दा सांगायचा असेल तर ‘ऑन’: ‘विल यू बॅक मी अप ऑन धिस?’ म्हणजे या बाबतीत माझ्या बाजूनं बोलशील का? पुरावा सांगायचा असेल तर ‘विथ’: ‘वी कॅन बॅक अप द क्लेम विथ अ लॅब रिपोर्ट.’ माणसाच्या मागं जसा माणूस उभा राहतो, तसा दाव्याच्या मागं कागद उभा राहतो. वजनकाट्याची पावती, बँकेचं स्टेटमेंट, फोटो, हे सगळं ‘बॅक अप’ करू शकतं. धंद्यात या अर्थाचा उपयोग पहिल्यापेक्षा जास्त.

तिसरं उच्चाराचं. भूतकाळात ‘बॅकेड अप’ म्हणणारे मी रोज ऐकतो, त्यात चांगले बी. कॉम. झालेलेही आहेत. तिथं ‘ए’ उच्चारायचा नाही, ‘बॅक्ट’ असं म्हणायचं आणि पुढच्या ‘अप’ला जोडून टाकायचं, ‘बॅक्टप’. आणि क्रियापद असेल तेव्हा जोर ‘अप’वर पडतो, लिहिताना दोन शब्द सुटे. नाम असेल तेव्हा जोर ‘बॅक’वर आणि शब्द एकच, ‘बॅकअप’.

या नामाशी आमची ओळख महापुरानं करून दिली. पेढीचं जुनं ऑफिस गणपती पेठेत होतं. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाखाली मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही चोपड्या वर माळ्यावर टाकल्या, कॉम्प्युटर राहिला. पाणी ओसरल्यावर चिखलातून तो काढला तेव्हा अण्णांनी विचारलं, “बॅकअप आहे न्हवं?” कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या पोरानं सांगितलं होतं, आहे, दर शनिवारी घेतो. होता की. पेन ड्राइव्हमध्ये. पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोघं एकत्रच बुडाले. पाठराखीण नवरीच्या मागं असावी, तिच्याच लुगड्यात गुंडाळलेली नसावी. त्या वर्षीचे हिशेब आम्ही माळ्यावरच्या चोपड्यांवरून पुन्हा भरले, तीन महिने लागले, आणि मी तेव्हापासून पेन ड्राइव्ह घरी नेतो. माझं घर नदीपासून लांब, विश्रामबागेत आहे.

आपण मराठीत ‘बॅकअप घेतला’ म्हणतो, ते चालतं. इंग्रजी मेलमध्ये ‘वी बॅक अप अवर डेटा एव्हरी सॅटर्डे’ असं क्रियापद वापरलं की वाक्य सुटसुटीत होतं. मात्र बँकेत किंवा सरकारी कचेरीत अर्जासोबत कागद जोडताना ‘बॅकअप डॉक्युमेंट्स’ लिहू नका, तिथं ‘सपोर्टिंग डॉक्युमेंट्स’. ‘बॅक अप’ हा शब्द बोलीतला आणि धंद्यातला आहे, अर्जात तो कोट-टोपी नसलेल्या पाहुण्यासारखा दिसतो.

पूर निघालाच आहे तर याच क्रियापदाचा एक उलटा अर्थ सांगून टाकतो. नदी चढली की शेरीनाल्याचं पाणी नदीत जायच्या ऐवजी गावाकडं उलटतं. मोरीतून, गटारातून वर येतं. इंग्रजीत याला ‘द ड्रेन बॅक्ड अप’ म्हणतात. तुंबणं आणि मागं सरणं, दोन्ही एकदम. वाहनांची रांग लागली की ‘ट्रॅफिक इज बॅक्ड अप’. इथं आधाराचा संबंध नाही, कुणाच्या पाठीशी कुणी नाही. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दर पावसाळ्यात आपल्याकडं वाद होतो, त्यातला ‘बॅकवॉटर’ शब्दही याच कुळीतला. अर्थ कुठला घ्यायचा ते ओळखायला सोपं आहे: बॅक अप झाला तो माणूस किंवा दावा असेल तर आधार, डेटा असेल तर प्रत, पाणी किंवा गाड्या असतील तर तुंबारा. ट्रक असेल तर मागं घेणं, पण ते अमेरिकेत. आमच्या यार्डात ट्रकच्या मागच्या फळीवर थाप मारून “येऊ द्या, येऊ द्या, बस्स!” म्हणतात आणि इंग्रजी बोलायचंच झालं तर ‘रिव्हर्स’ म्हणतात. तेवढं पुरे.

क्रिकेटवाल्यांसाठी जरा थांबतो, कारण सांगलीत जन्मलेले विजय हजारे माझ्या वडिलांचं दैवत होतं. ॲडलेडला जानेवारी १९४८ मध्ये एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५, हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ होते. त्याच दौऱ्यात, डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला, विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला गोलंदाजीच्या बाजूला धावबाद केलं. ब्राउन करत काय होता? ‘बॅकिंग अप’. चेंडू पडायच्या आधीच धावेसाठी क्रीजच्या बाहेर सरकणं, याला क्रिकेटमध्ये हाच शब्द आहे. पहा, चित्र तेच: खेळणारा फलंदाज समोर, हा दुसऱ्या टोकाला त्याच्या साथीला तयार. फील्डिंगमध्येही एकानं चेंडू फेकला आणि यष्टीवर कुणाकडून सुटला, तर मागं आधीच येऊन थांबलेला जो असतो, तो ‘बॅक अप’ करतोय. ओव्हरथ्रोच्या चार धावा गेल्या की कप्तान ओरडतो ते यासाठीच.

मिरजेला आमच्या मेव्हण्यांकडं गेलो की गाण्याला जाणं होतं. गायकाच्या मागं तंबोरे घेऊन शिष्य बसतात. बुवांचा दम संपतो, तिथं शिष्य सूर उचलून धरतो, बुवा श्वास घेऊन परत येतात की हा खाली उतरतो. मला विचाराल तर ‘बॅक अप’चा याहून सुंदर अर्थ शब्दकोशात नाही. तबल्याच्या साथीला मात्र हे वापरू नका, ती बरोबरीची असते. तिला ‘अकंपनी’.

आता घात करणारे सोयरे. ‘बॅक आउट’ म्हणजे ऐनवेळी अंग काढून घेणं. सौदा झाला, दर ठरला आणि बाजार पडल्यावर घेणारा फिरला: ‘ही बॅक्ड आउट.’ ‘बॅक डाउन’ म्हणजे वादात माघार. ‘बॅक ऑफ’ म्हणजे मागं हो, नादी लागू नको. आणि ‘गेट हिज बॅक अप’ म्हणजे त्याला चिडवणं, मांजर पाठीची कमान करून फिस्कारतं ते डोळ्यांसमोर आणा. घाईत ‘अप’च्या जागी ‘आउट’ तोंडातून गेलं तर पाठराखणीचा दगा होतो, तेव्हा फोनवर असाल तर हे शब्द सावकाश बोला. एक सोयरा आपल्याच बाजूनं घोटाळा करतो, ‘पाठपुरावा’. त्यात पाठ आहे म्हणून ‘बॅक अप’ लिहू नका. तो ‘फॉलो अप’.

सराव कसा करायचा? पुस्तकातली जॉन आणि मेरीची वाक्यं मला कधी लक्षात राहिली नाहीत. मी पुतण्याला सांगितलं, रोज रात्री दिवसभरातला एक वाद आठवायचा. घरातला, गल्लीतला, कॉलेजातला, कुठलाही. त्यात आधी कोण बोललं, मागून कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कोण फिरलं, हे ठरवायचं आणि एकच वाक्य लिहायचं. ‘डिडन्ट’ घालून नकारार्थीही लिहायचं, कारण खऱ्या आयुष्यात तेच जास्त लागतं. वही सकाळी चहाच्या वेळी मला दाखवायची.

पहिल्या आठवड्यात ‘बॅक अप मी’ तीनदा आलं, मी लाल पेनानं पोरगं मध्ये बसवलं. दुसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. परवा सकाळी वही उघडली तर आदल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळचं वाक्य होतं: “काकू सेड आय केम होम ॲट ट्वेल्व्ह. आय सेड टेन. काका ओपन्ड द डोअर ॲट टेन, बट ही डिडन्ट बॅक मी अप.”

वाक्यात चूक नव्हती. बरोबरची खूण करून मी वही परत दिली.